सीलबंद निवडणूक रेकॉर्ड कोर्ट उघडतं, पण कधी आणि कशाच्या जोरावर?

शिरूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. ग्रामपंचायत सदस्यपदाच्या निवडणुकीत त्या तीन मतांनी हरल्या. वॉर्डात मयत माणसांच्या आणि त्या दिवशी गावात नसलेल्यांच्या नावावर मतदान झालं, असं त्यांचं म्हणणं आहे. तहसील कार्यालयात कागद मागितले तर "ते गोपनीय आहे, सीलबंद आहे, देता येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. निकाल लागून पाच दिवस झालेत. हे रेकॉर्ड निदान कोर्टाला तरी बघता येतं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, कोर्टाला हे रेकॉर्ड मागवता येतं, उघडता येतं आणि त्यावर निकालही देता येतो. तहसील कार्यालयाने दिलेलं उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. लोकसभा असो की ग्रामपंचायत, मतदानाच्या सीलबंद पाकिटांबद्दल नियमाचा गाभा एकच असतो: सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती उघडायची नाहीत आणि कुणाला दाखवायची नाहीत. तुम्हाला यातला दुसरा भाग सांगितला गेला, पहिला राहिला. पाकीट उघडायचा अधिकार तहसीलदारांना स्वतःलाही नाही, म्हणून त्यांच्या टेबलापुढे वाद घालण्यात आता एकही दिवस घालवू नका.

कारण दिवस मोजकेच उरलेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करावा लागतो. उमेदवार करू शकतो, त्या निवडणुकीतला मतदारही करू शकतो. तुमचं कोर्ट शिरूरचं. पाच दिवस गेले, दहा राहिले. "मुदत टळली तर उशीर माफीचा अर्ज टाकू" असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर अजिबात राहू नका. निवडणुकीच्या वादात मुदत फार काटेकोर धरली जाते. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निकालापासून १० दिवसच मिळतात. नगरपरिषदेसाठीही १० दिवस, पण ते राजपत्रात नावं प्रसिद्ध झाल्यापासून धरायचे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. जिल्हा परिषदेसाठी १५ दिवस, तेही जिल्हा न्यायाधीशांकडे.

माहितीच्या अधिकारातून कागद मिळवून मग अर्ज करू, हा विचारही सोडून द्या. तिथे उत्तराची मुदतच ३० दिवसांची आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत तुमचा हक्क संपलेला असेल. शिवाय सीलबंद पाकिटातली माहिती त्या मार्गाने मिळतच नाही. थेट मुंबई उच्च न्यायालयात जायचा विचार बरेच जण करतात. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-ओ पंचायतीच्या निवडणुकीला कायद्याने ठरवलेल्या निवडणूक अर्जाशिवाय आव्हान देऊ देत नाही, महापालिका-नगरपालिकांसाठी तसाच २४३-झेडजी आहे. रस्ता शिरूरच्या कोर्टातूनच जातो.

आता गोपनीय या शब्दामागे नेमकं काय आहे ते बघू. मतदानाची गोपनीयता मतदारासाठी आहे. गावात कुणाला मत दिलं हे कळलं तर पाणी तोडतील, मजुरी बंद करतील, भावकीत वैर धरतील, ही भीती माणसाला राहू नये म्हणून ती आहे. मतदान अधिकाऱ्याच्या कामावर पांघरूण घालायला ती नाही आणि जिंकलेल्या उमेदवाराच्या सोयीसाठी तर मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने रघबीरसिंग गिल विरुद्ध गुरचरणसिंग तोहरा या १९८० च्या निकालात हे स्पष्ट केलं. निवडणूक मोकळेपणाने व्हावी म्हणून गोपनीयता आहे आणि निवडणुकीच्या शुद्धतेशी तिचा झगडा झाला तर शुद्धता वरचढ ठरते. केरळातल्या कोवलम मतदारसंघाच्या वादात, १९९४ साली, दुबार मतदान झालेल्या मतांचा माग काढून ती वजा करण्यालाही सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली.

म्हणजे पाकीट उघडू शकतं. पण प्रत्येक हरलेल्या उमेदवाराने मागितलं की ते उघडायचं ठरवलं, तर गावातल्या एकाही मतदाराला आपलं मत गुप्त राहील याची खात्री वाटणार नाही. ही भीती खरी आहे. कोर्ट आढेवेढे घेतं ते त्यासाठी, आणि मला ते पटतं. रामसेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किडवाई या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन अटी सांगितल्या. अर्जात महत्त्वाच्या तथ्यांचं पुरेसं निवेदन हवं. आणि वादाचा निर्णय करून पूर्ण न्याय देण्यासाठी ही तपासणी गरजेची आहे असं न्यायाधीशांना सकृतदर्शनी पटायला हवं. आधी पाकीट उघडा, आत काही सापडलं तर मी आरोप करीन, हे चालत नाही. इतक्या वर्षांनीही लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक निवडणूक वादात याच दोन कसोट्या पुढे येतात.

तुमच्या अर्जाचं भवितव्य पहिल्या अटीवर ठरणार आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मसुद्यांत असं वाक्य असतं: "सदर वॉर्डात मोठ्या प्रमाणावर बोगस मतदान झाले असून सामनेवाले यांनी शासकीय यंत्रणेशी संगनमत करून निकाल आपल्या बाजूने लावून घेतला आहे." वाचायला दमदार वाटतं, पण कोर्टाच्या दृष्टीने त्यात काहीच नाही. कोण, कुठे, कधी, कुणाच्या नावावर, याचा पत्ताच नाही. अशा अर्जावर पाकीट उघडलं जात नाही आणि जाऊही नये. त्याच जागी असं लिहिलं तर बघा: "वॉर्ड क्रमांक अमुक, मतदान केंद्र क्रमांक तमुक, यादी भाग इतका, अनुक्रमांक इतका, या मतदाराचा मृत्यू अमुक तारखेला झाला असून ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतील दाखला सोबत जोडला आहे. त्याच्या नावावर मतदान झाल्याचे अर्जदाराचा मतदान प्रतिनिधी याने त्याच वेळी केंद्राध्यक्षांच्या निदर्शनास आणले." इथे न्यायाधीशांना एक निश्चित प्रश्न मिळतो: या अनुक्रमांकावर लाल खूण (मतदान झालं की केंद्रावरच्या यादीत त्या नावावर केली जाते ती) आहे की नाही? तो प्रश्न फक्त सीलबंद पाकीटच सोडवू शकतं. तपासणीची गरज तुम्हाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही, ती अर्जातूनच दिसते.

म्हणून हे दहा दिवस नावं आणि अनुक्रमांक जमवण्यात घालवा. वॉर्डाची अंतिम मतदार यादी सीलबंद नसते, ती तुमच्याकडे आहेच. मयत मतदारांचे मृत्यूचे दाखले ग्रामपंचायतीतून मिळतात. गावाबाहेर असलेल्यांच्या बाबतीत दुसरा पुरावा लागतो: सैन्यात असलेल्याचा युनिटकडचा दाखला, परदेशी गेलेल्याच्या पासपोर्टवरचे शिक्के, ससूनमध्ये किंवा दुसऱ्या रुग्णालयात भरती असलेल्याचं डिस्चार्ज कार्ड, रांजणगाव किंवा चाकणच्या कंपनीत त्या दिवशी पाळीवर असलेल्याचं हजेरीपत्रक. तो माणूस स्वतः शपथपत्र द्यायला तयार असेल तर त्याहून चांगलं. आपण मत दिलंच नाही हे मतदाराने स्वतःहून सांगण्यात गोपनीयतेचा भंग नाही. कुणाला मत दिलं हे मात्र कोर्टही त्याच्याकडून वदवून घेत नाही.

दुबार नावांबद्दल आपल्या भागात फार गैरसमज आहे. पुण्यात राहणाऱ्या, वारज्याला किंवा हडपसरला फ्लॅट असलेल्या माणसाचं नाव गावच्या यादीतही असतं आणि तो मतदानाला गाडी करून येतो. हरलेला उमेदवार म्हणतो, ही सगळी मतं रद्द करा. निवडणूक अर्जात हा मुद्दा टिकत नाही. यादी अंतिम झाल्यावर त्यात नाव असायला हवं होतं की नको, हे निवडणूक अर्जात तपासायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९७३ मध्येच सांगून ठेवलंय. त्यावर हरकत घ्यायची वेळ प्रारूप यादीची. एकाच निवडणुकीत एकाच माणसाने दोनदा मतदान केलं असेल, तर गोष्ट निराळी. तुमच्या यादीत अशी नावं असतील तर ती वेगळी काढा आणि नुसती दुबार नावं बाजूला ठेवा. कमकुवत मुद्दे जोडले की भक्कम मुद्द्यांचंही वजन कमी होतं.

आता कोर्टाकडे नेमकं काय मागायचं. अर्ज दाखल कराल त्याच दिवशी दुसरा एक अर्ज द्या, रेकॉर्ड जतन करण्याचा. त्यात काही उघडायला सांगायचं नाही. चिन्हांकित मतदार यादी (म्हणजे लाल खुणांची तीच यादी), मतदारांच्या सह्या-अंगठ्यांची नोंदवही, प्रदत्त मतपत्रिकांचं पाकीट (प्रदत्त म्हणजे काय ते पुढे सांगतो), नोंदवलेल्या मतांचा हिशेब, केंद्राध्यक्षांची दैनंदिनी, मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट (मतं साठवणारा भाग) आणि असल्यास चित्रीकरण, हे सगळं अर्जाचा निकाल लागेपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवावं, एवढीच विनंती. यंत्राचा क्रमांक लिहा, तो तुमच्या मतदान प्रतिनिधीकडे टिपलेला असेल. हे तातडीचं अशासाठी की यंत्रं पुढच्या निवडणुकीसाठी रिकामी केली जातात आणि चित्रीकरण फार काळ ठेवलं जात नाही. एकदा पुसलं गेलं की कोर्टाचा कितीही चांगला आदेश काही परत आणू शकत नाही. जतन करण्याच्या विनंतीला सामनेवाल्याचा विरोधही सहसा टिकत नाही, कारण त्यात कुणाची गोपनीयता जात नाही.

तपासणीची मागणी नंतर करायची, पुरावा सुरू झाल्यावर, आणि टप्प्याटप्प्याने. हा माझा ठाम आग्रह आहे. पहिल्याच दिवशी "सर्व रेकॉर्ड उघडा, फेरमोजणी करा" अशी मागणी केली की कोर्ट सावध होतं. आधी फक्त चिन्हांकित यादी मागा, तीही अर्जात लिहिलेल्या अनुक्रमांकांपुरती. त्या यादीत कुणी कुणाला मत दिलं हे नसतंच, मतदान झालं की नाही एवढंच असतं. म्हणजे तिथे मताच्या गोपनीयतेला धक्का लागत नाही. त्यात खूण दिसली की मग त्याच अनुक्रमांकांपुरती सह्यांची नोंदवही मागा. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या आधारावर पडलं की न्यायाधीशांनाही आदेश देणं सोपं जातं आणि वरच्या कोर्टात तो टिकतो.

असं पाकीट उघडताना बघितलं की समजतं. खेड-राजगुरुनगरच्या कोर्टातलं एक प्रकरण सांगतो, कुणाची ओळख न देता. तहसील कार्यालयातला अव्वल कारकून कापडी पिशवी घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी उभा. न्यायाधीशांनी आधी पिशवीवरची लाख दोन्ही वकिलांना दाखवली, सील शाबूत आहे अशी नोंद रोजनाम्यात घेतली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि मगच दोरा कापायला सांगितला. यादी बाहेर आली. न्यायाधीशांनी ती कुणाच्या हातात दिली नाही. अर्जातला अनुक्रमांक वाचायचा, त्या ओळीवर पट्टी ठेवायची, बाकी पान कागदाने झाकायचं, खूण आहे की नाही ते लिहून घ्यायचं. अर्जात अकरा मयत मतदार होते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या नावावर लाल रेघ नव्हतीच, रेघ होती ती त्यांच्याच नावाच्या चुलत्याच्या किंवा पुतण्याच्या ओळीवर. मतदान केंद्रावर "अमुक पाटलाचं मत झालं" असा पुकारा ऐकून प्रतिनिधीने टिपून ठेवलेलं आणि गावात त्या नावाचे चार जण. पण उरलेल्या नावांवर रेघ स्पष्ट होती. नोंदवही मागवली तेव्हा एका निवृत्त मास्तरांच्या नावापुढे अंगठा निघाला. आयुष्यभर हजेरी पुस्तकावर सही करत आलेला माणूस, मतदानाच्या आधीच वारलेला, आणि पुढे जांभळा अंगठा! त्या अंगठ्याने जे सिद्ध केलं ते पन्नास साक्षीदारांनी केलं नसतं.

म्हणून नाव लिहिताना वडिलांचं नाव, वय आणि घर क्रमांकासकट खात्री करा. सारख्या नावांची गल्लत आपल्या गावांत नेहमीची आहे आणि सामनेवाल्याचा वकील उलटतपासणीत पहिला घाव तिथेच घालेल.

इथून पुढचा भाग अवघड आहे आणि तो तुम्ही आधीच समजून घ्यावा असं मला वाटतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात स्थळप्रतीवर (मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे राहणाऱ्या भागावर) मतदाराचा यादीतला क्रमांक असायचा आणि मतपत्रिकेला अनुक्रमांक. कोर्टाने ठरवलं तर बोगस मत नेमकं कुणाला पडलं इथपर्यंत जाता यायचं आणि ते त्याच्या बेरजेतून वजा व्हायचं. कोवलमच्या प्रकरणात तेच झालं. यंत्रावर ही साखळी तुटते. नोंदवहीतला मतदार आणि यंत्रातलं मत यांचा संबंध जोडता येत नाही, आणि तो जोडता येऊ नये म्हणूनच यंत्राची रचना तशी आहे. आपल्या स्थानिक निवडणुकांत यंत्राला व्हीव्हीपॅटही (मताची छापील चिठ्ठी काढणारी जोडणी) नसतं, त्यामुळे मोजायला चिठ्ठ्या नाहीत. म्हणजे पाच मयत माणसांच्या नावावर मतदान झालं हे तुम्ही शंभर टक्के सिद्ध केलंत, तरी ती पाचही मतं सामनेवाल्याला गेली असं कोर्ट धरून चालणार नाही.

मग उपयोग काय? उपयोग असा की मताधिक्य तीनचं आहे आणि अवैध मतं त्याहून जास्त निघाली, तर निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हा तुमचा युक्तिवाद उभा राहतो. तो आपोआप मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर १९५४ साली आलेल्या एका प्रकरणात विजयी उमेदवाराचं मताधिक्य १,८७२ होतं आणि ज्याचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला त्या उमेदवाराला १,९८३ मतं पडली होती. फरकापेक्षा १११ मतं जास्त असूनही कोर्टाने निवडणूक रद्द केली नाही, कारण ती सगळीच मतं हरलेल्याकडे वळली असती हा अंदाज होता, पुरावा नव्हता. तुमची स्थिती मला त्याहून बरी वाटते. तिथे मतं खऱ्या मतदारांची होती. इथे ती मुळात मतंच नाहीत, आणि ती काढली तर खरा विजेता कोण हे कुणालाच सांगता येत नाही. तरीही तुमची मागणी नीट ठरवा. मला विजयी घोषित करा ही मागणी या पुराव्यावर टिकणं कठीण आहे, निवडणूक रद्द करून पुन्हा घ्या ही टिकू शकते. दोन्ही मागण्या पर्यायी म्हणून लिहा आणि वॉर्डातल्या त्या जागेच्या सगळ्या उमेदवारांना सामनेवाले करा, म्हणजे आवश्यक पक्षकार नाही म्हणून अर्ज अडकणार नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, प्रदत्त मतांचा. खरा मतदार केंद्रावर गेला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असलं, तर त्याला यंत्र मिळत नाही, कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मतमोजणीत धरली जात नाही. ती फक्त कोर्टच उघडून मोजू शकतं. तुमच्या केंद्रावर अशी किती मतं झाली ते मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात लिहिलेलं असतं आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते. ती शोधा. तीन मतांचा फरक आणि चार प्रदत्त मतं असली तर प्रकरणाचा चेहराच बदलतो. पण त्याचा उल्लेख अर्जातच, मुदतीतच हवा. राजस्थानात नाथद्वाराला २००८ साली विधानसभेला सी. पी. जोशी एका मताने हरले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं की पक्षकारांच्या निवेदनात जे नाही तिथपर्यंत निवडणूक न्यायालयाला जाता येत नाही. एका मताच्या फरकातही हा नियम सैल केला नाही.

तुमचा वाद मोजणीचाच असता, म्हणजे यंत्रातले आकडे एक आणि फलकावर दुसरे, तर मार्ग सोपा होता. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू या गावची सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ ची. निवडणूक न्यायाधिकरणाने एका केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं दिल्लीला मागवून निबंधकांपुढे, दोन्ही बाजूंच्या समोर, सगळ्या केंद्रांची मोजणी करून घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल फिरला, १,०५१ विरुद्ध १,००० असा. अडीच वर्षांहून जास्त काळ ती यंत्रं शाबूत राहिली म्हणून हे होऊ शकलं. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये चंदीगडच्या महापौरपदाच्या वादात तर सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकाच कोर्टात मागवून स्वतः बघितल्या आणि बाद ठरवलेली आठ मतं वैध धरली. एका गावचा सरपंच असो की शहराचा महापौर, स्थानिक निवडणूक म्हणजे किरकोळ बाब, असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही, हे मला मोलाचं वाटतं.

पण या दोन निकालांची कात्रणं जोडून "आमचंही उघडा" म्हणू नका. दोन्हीकडे ठोस गोष्ट आधीच समोर होती. तमिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षपदाच्या वादात, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की फेरमोजणीतून काय निघालं यावरून फेरमोजणीचा आदेश योग्य ठरत नाही. आदेश देताना हातात काय होतं ते बघायचं. कोर्ट आणखी एक प्रश्न हमखास विचारतं: मतदानाच्या दिवशी किंवा मोजणीच्या टेबलावर लेखी हरकत का घेतली नाही? घेतली असेल तर पोच शोधा. घेतली नसेल तर त्याचं खरं कारण अर्जात लिहा, प्रतिनिधीला बोलू दिलं नाही, केंद्राध्यक्षांनी अर्ज घेतला नाही, जे असेल ते.

पाकिटाबाहेरच्या काही कागदांवरही गोपनीय असा शेरा मारला जातो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा अहवाल, वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार, निरीक्षकाची टिपणी. यांच्यावर मतदाराच्या गोपनीयतेचं कवच नाही. त्यासाठी विशेषाधिकाराचा, म्हणजे कागद कोर्टात न दाखवण्याच्या हक्काचा, दावा करावा लागतो, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२९ खाली, आणि तोही खातेप्रमुखाच्या शपथपत्रावर, कारकुनाच्या तोंडी उत्तरावर नाही. इंदिरा गांधींच्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या राज नारायण यांच्याच याचिकेतून निघालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या निकालाने ठरवलंय की शेवटचा शब्द कोर्टाचा, आणि गरज वाटली तर कोर्ट तो कागद स्वतः बघून ठरवू शकतं. चित्रीकरण मिळालं तर त्यासोबत याच अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र मागायला विसरू नका, नाहीतर पुराव्यात वाचलं जाणार नाही. नामनिर्देशनपत्रं, त्यासोबतची शपथपत्रं आणि छाननीचा आदेश गोपनीय नसतात, त्यांच्या प्रमाणित प्रती आजच मागा. जातपडताळणी किंवा दोन अपत्यांचा मुद्दा असेल तर वकिलांना आधीच सांगा, कारण निवडून आल्यानंतरच्या अनर्हतेचा (अपात्रतेचा) वाद ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

शिरूरच्या न्यायाधीशांचा निर्णय कायद्याने अंतिम मानलाय, त्यावर साधं अपील नाही. अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट करता येते, पण तिथे पुरावा नव्याने तपासला जात नाही. कोल्हापूरला २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईलाच जावं लागतं. म्हणजे जे काही मांडायचं, सिद्ध करायचं, उघडून बघायचं, ते तालुक्याच्या कोर्टातच पूर्ण करून घ्यायचं.

उद्या सकाळी ग्रामपंचायत उघडताच मृत्यूच्या दाखल्यांसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुपारी तुमच्या मतदान आणि मोजणी प्रतिनिधींना घरी बोलवा, त्यांच्याकडचा प्रत्येक कागद, प्रत्येक चिठ्ठी टेबलावर मांडा आणि यादीशी एकेक अनुक्रमांक ताडून बघा. खात्रीची नावं तीनपेक्षा जास्त निघाली, किंवा तितकी प्रदत्त मतं निघाली, तर परवापर्यंत वकिलांकडे जा. तीन किंवा त्याहून कमी निघाली तर अर्ज करू नका, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगेन.